पाहुणा गेल्यावर

अतिथी ह्या शब्दाची व्युत्पत्ती जुने शास्त्री अशी सांगत असत की, ज्याच्या येण्यास तिथी नाही तो अतिथी. तो अवचित दाराशी यावा, त्याला हातपाय धुण्यास पाणी द्यावे, घरात असेल ती भाजीभाकरी त्याच्यापुढे ठेवावी आणि तो किती दिवस राहणार हे त्याला विचारू नये, अशी ती रीत. हल्ली दापोली-गुहागरकडे, महाबळेश्वरास किंवा गोव्यात दोन-तीन दिवसांकरिता एखाद्याच्या घरची खोली भाड्याने घेऊन राहणारा जो पाहुणा येतो, त्याची तिथी महिनाभर आधी ठरलेली असते. येण्याची वेळ दुपारी एक, निघण्याची सकाळी दहा, हेही ठरलेले असते. आणि भाडे तर त्याने घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच चुकते केलेले असते. त्याला अतिथी म्हणावे, तर तो पैसे देतो. गिऱ्हाईक म्हणावे, तर तो यजमानाच्या माजघराला लागून असलेल्या खोलीत निजतो आणि यजमानिणीच्या हातची आमटी मागून घेतो. हे नाते नवे आहे; त्याची रीत अजून बसावयाची आहे. आणि जेथे रीत बसलेली नसते, तेथे बारीकसारीक गोष्टींवरून मने दुखावतात.

अशाच एका बारीक गोष्टीचा विचार येथे कर्तव्य आहे. पाहुणे निघून गेल्यावर खोली आवरताना एखादा टॉवेल, दोन चमचे, एखादी विजेरी नाहीशी झाल्याचे आढळते. अशा वेळी घरमालकाने काय करावे? कोणी म्हणेल, गोष्ट क्षुल्लक आहे. चमच्याची किंमत ती काय? किमतीपुरते पाहिले तर हे म्हणणे खरे आहे. परंतु चमच्याची किंमत चमच्यापाशीच थांबते असे नाही.

दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या एका गावी एक वृद्ध जोडपे राहते. गृहस्थ मुंबईस नोकरी करून निवृत्त झाले आणि वडिलार्जित घरी परतले. घरामागे पोफळीची बाग, तिच्या कडेला दोन खोल्या नव्याने बांधलेल्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेचे नाव कोकणात घरोघर ठाऊक झालेले आहे. त्याच धर्तीवर ह्या दोन खोल्या पाहुण्यांस दिल्या जातात. पाहुणे ह्या दोघांना काका-काकू म्हणतात, तेव्हा येथेही तीच नावे चालवावयास हरकत नाही. खोल्यांची झाडलोट, चादरी बदलणे, भांडी घासणे हे काम गावातल्याच एक बाई गेली कित्येक वर्षे करीत आल्या. त्यांना सारे मावशी म्हणत.

काकांना हिशेबाची सवय. पाहुण्यांच्या नोंदीची जी वही आहे, तिच्या शेवटच्या पानावर त्यांनी गेलेल्या वस्तूंची यादी ठेवली आहे. पाच वर्षांत अकरा चमचे, चार पंचे, एक विजेरी, बाटलीचे बूच उघडण्याच्या दोन चाव्या, मोबाईलचा एक चार्जर, उशीचे तीन अभ्रे, आणि न्हाणीघरातील तांब्याच्या घंगाळाचे झाकण. घंगाळ जागेवरच होते. केवळ झाकण कोणी का न्यावे ह्याचा उलगडा काकांना अद्याप झालेला नाही. सर्व मिळून नुकसान दोन हजारांच्या आतले. ह्याच पानाच्या उलट बाजूस दुसरी यादी आहे, ती पाहुण्यांनी मागे टाकलेल्या वस्तूंची. आणि ती पहिलीपेक्षा लांब आहे! लहान मुलांच्या चपला, चष्म्याची घरे, पाच-सहा चार्जर, छत्र्या, एकदा तर कवळीची डबी. हे सारे एका पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवलेले असते. कोणी विचारले तर पाठवावे म्हणून. कवळी अर्थात लगेच मागवून घेतली गेली.

ह्या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. घाईने निघालेला माणूस स्वतःची वस्तू जितक्या सहज विसरतो, तितक्याच सहज दुसऱ्याची वस्तू पिशवीत भरतो. सकाळी दहाला खोली सोडावयाची, मुले रडत आहेत, मोटारवाला भोंगा वाजवीत आहे. अशा वेळी ओल्या कपड्यांच्या गाठोड्यात यजमानाचा पंचा गेला, तर तो घरी पोचून गाठोडे सोडीपर्यंत नेणाऱ्यालाही ठाऊक नसतो. ठाऊक झाल्यावर मात्र दोन प्रकारची माणसे दिसतात. एक लगेच कळवितो. दुसरा ‘आता एवढ्याशा गोष्टीसाठी काय कळवावयाचे’ असे म्हणून पंचा कपाटात ठेवून देतो. चोरी झाली असेल तर ती ह्या दुसऱ्या क्षणी झाली.

सगळेच विसराळू असतात, असे म्हणण्याचा भोळेपणा मात्र कोणी करू नये. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून २०१७-१८ ह्या एका वर्षात सुमारे १ लाख ९५ हजार टॉवेल, ८१ हजारांहून अधिक चादरी, ५५ हजारांहून अधिक उशांचे अभ्रे आणि ७ हजारांहून अधिक ब्लँकेटे नाहीशी झाली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. मुंबईहून गोव्यास जाणारी तेजस एक्स्प्रेस २०१७ च्या मे महिन्यात सुरू झाली, आणि पहिल्याच फेरीत प्रवाशांस ऐकण्यासाठी दिलेले कर्णयंत्रांचे कितीतरी संच परत मिळाले नाहीत. एवढी मोठी संख्या विसराळूपणाने भरून निघत नाही. रेल्वेच्या शौचकूपातील साखळीने जखडलेले पात्र आणि टपालकचेरीतील सुतळीने बांधलेली लेखणी ह्या दोन वस्तू ज्या देशात कोणालाही चमत्कारिक वाटत नाहीत, त्या देशाने ह्याविषयी फार अभिमानाने बोलू नये हे बरे. तथापि हा दोष एकट्या ह्याच देशाचा, असेही नाही. हॉलिडे इन ह्या अमेरिकन हॉटेलांच्या मालिकेने २००३ साली टॉवेल नेणाऱ्यांना माफी देण्याचा एक दिवसच जाहीर केला होता. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया ह्या नामांकित हॉटेलाने २०१२ साली, पूर्वी कधीकाळी नेलेल्या वस्तू परत आणून द्याव्यात, काही विचारले जाणार नाही, असे आवाहन केले. पुष्कळ हॉटेलांच्या कपाटांतील कपडे टांगण्याच्या आकड्यांना वरचा वाकडा हूकच नसतो. ते दांडीवरच्या पक्क्या कड्यात अडकतात, म्हणजे घरी नेऊन उपयोग होऊ नये. ही युक्ती कोणा श्रीमंत पाहुण्यांच्या अनुभवावरूनच निघालेली असली पाहिजे. गरीब माणूस असल्या कपाटापर्यंत पोचतो कोठे?

मग असे का होते? पूर्वी नाशिक-त्र्यंबकेश्वरास यात्रेकरू तीर्थोपाध्यांच्या घरी उतरत. उपाध्येबुवांच्या वहीत यात्रेकरूचे नाव, गाव, बापआजाचे नाव लिहिलेले असे. पन्नास वर्षांनी नातू गेला तर आजोबांची सही त्याला दाखविली जाई. अशा घरातून वाटी लंपास करण्याची छाती कोणाला होणार? आज पाहुणा येतो तो एका यंत्रावरील चित्र पाहून, आणि जातो तो पुन्हा त्या गावी कधी येईल न येईल अशा स्थितीत. ओळखीचा धाक उरलेला नाही. शिवाय ‘दिवसाला एवढे पैसे मोजले’ ही भावना मनाच्या तळाशी असते. मोठ्या हॉटेलात साबणाच्या वड्या आणि शाम्पूच्या कुप्या नेण्याची मुभाच असल्यामुळे मुभा कोठे संपते ही सीमा पुसट होते. आणि काहींच्या मनात खरोखरच प्रेम असते. कोकणातील दोन दिवस फार सुखाचे गेले, त्याची आठवण म्हणून एखादी वाटी बरोबर न्यावीशी वाटते. यजमानाच्या दृष्टीने हे प्रेम जरा महाग पडते एवढेच.

आता अडकित्त्याची हकीकत सांगितली पाहिजे. कारण चमच्याची खरी किंमत तीमधून कळते. काकांच्या वडिलांचा एक पितळी अडकित्ता होता. दोन्ही मुठींवर पोपट कोरलेले, धार अजून शाबूत. पाहुण्यांच्या खोलीतील टेबलावर एका तबकात बागेतली सुपारी, थोडी बडीशेप आणि हा अडकित्ता ठेवलेला असे. शोभाही होई आणि वडीलधाऱ्या पाहुण्यांची सोयही. एका उन्हाळ्यात डोंबिवलीचे एक कुटुंब तीन दिवस राहून गेले. त्यांच्यात एक आजी होत्या. निघताना काकांनी नेहमीच्या अगत्याने तबकाकडे हात करून म्हटले, “आजी, आमच्या बागेतलं आहे, घ्या, न्या बरोबर.” मोटार गेली. मावशींनी खोली आवरली. संध्याकाळी नवे पाहुणे आले. त्यांच्या गडबडीत दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी काकूंच्या ध्यानात आले की, तबकात अडकित्ता नाही.

काकूंनी सगळीकडे शोधले. मग मावशी आल्यावर त्यांना विचारले, “मावशी, आवरताना तो अडकित्ता तुम्ही कुठे उचलून ठेवलात का?” काकूंच्या मनात संशय नव्हता, असे त्या आजही शपथेवर सांगतात, आणि ते खरे असावे. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य केवळ प्रश्नार्थक आहे. पण मावशींच्या कानाला ते विधानार्थी लागले. त्या “नाही वहिनी” एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून खोलीत जाताना त्या पदर खोचून, हात मोकळे ठेवून जात. बाहेर येताना केराची टोपली काकूंच्या समोर उलटी करून दाखवीत. काकूंना ते पाहवेना, पण त्याविषयी काय बोलावे हेही सुचेना. काकांनी डोंबिवलीकरांस विचारावे असे काकूंनी दोनदा सुचविले. काका म्हणाले, “अगं, भल्या माणसांना चोर कसं म्हणायचं?” पाहुण्यांची भीड काकांना पडली, मावशींची भीड पडावी हे त्यांच्या ध्यानात आले नाही. बाराव्या दिवशी मावशींनी गुडघा दुखत असल्याचा निरोप पाठविला, आणि त्या कामावर आल्या नाहीत.

तीन आठवडे लोटल्यावर काकांनी एकदाचा निरोप लिहिला. उत्तर त्याच संध्याकाळी आले. आजींनी ‘न्या बरोबर’ ह्या शब्दांचा अर्थ तबकातील सर्व वस्तूंस लावला होता. सुपारीबरोबर अडकित्ताही यजमानांनी भेट दिला, केवढे मोठ्या मनाचे लोक, असे त्या आल्यागेल्यास कौतुकाने दाखवीत होत्या! नवव्या दिवशी टपालाने पुडके आले. अडकित्ता मऊ फडक्यात गुंडाळलेला, सोबत आवळासुपारीचा डबा, आणि आजींच्या हातची चार ओळींची चिठ्ठी. तीत त्यांनी इतक्या वेळा क्षमा मागितली होती की, काकूंच्या डोळ्यांत पाणी आले.

ह्या प्रकरणात कायदा काय म्हणतो, हे पाहणे उद्बोधक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत चोरीची व्याख्या ३०३ व्या कलमात आहे, आणि १८६० च्या दंडसंहितेतील व्याख्येचाच गाभा तिच्यात कायम आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलविणे म्हणजे चोरी. आजींना संमती मिळाल्याचे प्रामाणिकपणे वाटले. म्हणून चोरी झालीच नाही. जो पंचा गाठोड्यातून अजाणता गेला, त्याचीही चोरी नव्हे. जाणूनबुजून नेलेला चमचा मात्र शब्दशः चोरीच. एवढेच नव्हे, तर राहत्या घरातील चोरीसाठी ३०५ वे कलम निराळे असून त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. उलटपक्षी, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू प्रथमच चोरणाऱ्याने ती किंवा तिची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा सांगणारी तरतूद ३०३ व्या कलमात आता नव्याने आलेली आहे. आणि ह्या सर्वांहून शहाणपणाचे असे जुनेच एक कलम आहे. पूर्वी त्याचा क्रमांक ९५ होता, आता ३३ आहे. सर्वसाधारण समजुतीचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी अल्प हानी ज्या कृत्याने होते, ते कृत्य गुन्हा नव्हे, असा त्याचा भावार्थ. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मूळ मसुदा सादर केला, त्याच्या टिपणांत ह्याचे उदाहरण दिले आहे ते असे की, परक्याच्या दौतीत आपली लेखणी बुडविणे हीदेखील व्याख्येप्रमाणे चोरीच ठरते. शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या किती मुलांनी हा गुन्हा केला असेल ह्याची मोजदाद नको! सारांश, चमच्यासाठी पोलीसचौकीची पायरी चढण्यात अर्थ नाही, हे कायद्यालाही मान्य आहे.

ज्यांच्या द्वारे घरे भाड्याने दिली जातात त्या कंपन्यांकडे दाद मागण्याची सोय असते. त्यांपैकी एअरबीएनबी ही कंपनी सन फ्रान्सिस्को येथे २००८ साली निघाली. तिच्या नियमाप्रमाणे, पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत यजमानाने भरपाईची मागणी नोंदवावी लागते. आधी ती पाहुण्याकडेच जाते. त्याने २४ तासांत उत्तर दिले नाही किंवा पैसे देण्याचे नाकारले, तर मग कंपनीला मध्ये घालता येते. पुरावा म्हणून छायाचित्रे आणि खरेदीच्या पावत्या लागतात. वडिलार्जित अडकित्त्याची पावती कोठून आणावयाची? आणि काकांनी तीन आठवडे भिडेत घालविले, तेव्हा ती मुदतही टळून गेली होती. पाहुण्याविषयी अभिप्राय लिहिण्याचीही मुदत १४ दिवसांचीच. यजमान आणि पाहुणा ह्या दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच अभिप्राय उघड होतात, अशी पद्धत २०१४ पासून आहे. म्हणजे सूड म्हणून उलटे लिहिण्यास जागा राहत नाही. काही घरमालकांस वाटते की, खोलीत छायाचित्रणाचे यंत्र बसविले म्हणजे काम झाले. ह्याच कंपनीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत असे यंत्र ठेवण्यास सर्वत्र बंदी केली आहे, आणि ते योग्यच झाले. चमचा वाचविण्यासाठी पाहुण्याच्या निजण्याच्या खोलीत डोकावणारा यजमान हा चमचा नेणाऱ्यापेक्षा मोठा अपराधी होय.

तर मग करावे काय? मराठी घराला ह्याचे उत्तर फार पूर्वीपासून माहीत आहे. पितळेच्या नि पुढे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालण्याची चाल घरोघर होती. शेजारी चोर असतो म्हणून ते नाव नसे. संकष्टीचे मोदक किंवा नव्या गुळाची पोळी वाटीतून शेजारी जाई, आणि ती वाटी कोणाची हे चार दिवसांनी दोन्ही घरी विसरले जाई. नाव तिला वाट दाखवी. परीट बिब्ब्याच्या रसाने प्रत्येक घराच्या कपड्यांवर निराळी खूण करीत, तीही ह्याचसाठी. वस्तूवर खूण असली म्हणजे विसरून नेणाऱ्यास घरी गेल्यावर ती दिसते, आणि मुद्दाम नेणाऱ्यास ती रोज जेवताना दिसते. पंच्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने घराचे नाव घालावे. चमच्यांच्या दांड्यांवर अक्षर कोरून घ्यावे. त्याला खर्च येतो तो चार चमच्यांच्या किमतीहून जास्त नाही.

लग्नकार्यासाठी देवळातील मोठी भांडी नेत, तेव्हा देणारा मोजून देई, नेणारा मोजून घेई, आणि परत आल्यावर दोघांच्या समक्ष पुन्हा मोजणी होई. त्यात कोणाचा अपमान आहे असे कोणास वाटत नसे, कारण मोजणी सर्वांचीच होई. संशय आल्यावर केलेली मोजणी अपमानाची असते. नित्याची मोजणी नसते. पाहुण्याच्या समोर चमचे मोजणे मात्र बरे दिसत नाही. तेव्हा वस्तूच अशा ठेवाव्यात की, त्यांची मोजणी नजरेने व्हावी. चमचे डब्यात ढिगाने न ठेवता सहा खाचांच्या फळीवर सहा ठेवावेत. एक खाच रिकामी दिसली की कळले. पंचे चार खुंट्यांवर चार. खोली तयार झाल्यावर दाराशी उभे राहून एक छायाचित्र घ्यावे. ते घेण्यास क्षणभर पुरतो, आणि पाहुणा गेल्यावर तेच चित्र हाती धरून खोलीवरून नजर फिरवावी. जुना पाहुणा दहाला जातो आणि नवा एकला येतो. मधल्या तीन तासांत चादरी बदलून, फरशी पुसून, न्हाणीघर घासून होईपर्यंत यादी वाचीत बसण्यास कोणालाही सवड नसते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

साबण, काडेपेटी, चहाच्या पुड्या, वाणासारख्या दिलेल्या कोकमाच्या पुडीसारख्या गोष्टी जावयाच्याच आहेत असे समजून त्यांचा खर्च भाड्यात धरावा आणि मग त्यांचे नावही काढू नये. ज्या वस्तूवर पाहुण्यांचे मन बसते, ती विकत ठेवावी. काकूंनी गेल्या दोन वर्षांत पंच्यांचा एक गठ्ठा किंमत लिहून ओसरीवर ठेवला आहे. तेव्हापासून खुंटीवरचे पंचे गेले नाहीत, आणि ओसरीवरचे मात्र बरेच खपले. ‘येथील वस्तू नेऊ नयेत’ अशी पाटी भिंतीवर लावणारे घरमालक पुष्कळ आहेत. त्या पाटीने नेणारा थांबत नाही, आणि जो कधीच नेणार नाही तो मात्र आपल्याला कोणत्या पंक्तीला बसविले म्हणून खिन्न होतो. त्यापेक्षा दाराच्या आतल्या बाजूस, निघताना डोळ्यांसमोर येईल असा, ‘चष्मा, चार्जर, औषधे घेतलीत ना? आमचा एखादा पंचा सामानात गेला नाही ना?’ असा कागद असावा. त्यात दोघांच्याही विसराळूपणाची सोय आहे. ज्या वस्तूच्या जाण्याने घरच्या माणसाला हळहळ वाटेल, ती भाड्याच्या खोलीत ठेवूच नये. अडकित्त्याची जागा घरातल्या कपाटात. ह्यात पाहुण्यावर अविश्वास नाही. तीन दिवसांसाठी आलेल्या परक्या माणसावर दुसऱ्याच्या वडिलांची आठवण सांभाळण्याचा भार टाकू नये, इतकेच.

इतके करूनही वस्तू गेलीच, तर विचारावे. आणि त्याच दिवशी विचारावे. भीड बाळगणारे यजमान येथेच चुकतात. विचारण्याची भाषा साधी असावी: “आज खोली आवरताना टेबलावरील अमुक वस्तू दिसली नाही. निघण्याच्या घाईत चुकून सामानात आली आहे का, कृपया पाहावे. टपालखर्च इकडून देऊ.” ह्यात आरोप नाही, खोटे बोलण्याची सक्ती नाही, आणि परत करणाऱ्यास मान खाली घालावी लागत नाही. दहांपैकी किती पाहुणे उत्तर देतात हा प्रश्न गौण आहे. ते पत्र पाहुण्यास गेले हे घरात काम करणाऱ्या बाईस कळते, हे त्याचे मोठे फळ होय. वस्तू हरवल्यावर यजमानाची पहिली नजर कोणाकडे वळते, हे खोली झाडणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. पाहुणा दोनशे कोसांवर निघून गेलेला असतो. बाई समोर असते. तिला नाव गाव आहे, तिचे घर हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिला अभिप्राय लिहिण्याची कोणी सोय केलेली नाही. मोठ्या शहरांत तर अशा बायका दिवसाला चार-चार घरे आवरतात. एका घरात चमचा गेला ह्या नुसत्या कुजबुजीवर उरलेल्या तिन्ही घरांचे दार बंद होऊ शकते.

अडकित्ता परत आला त्या संध्याकाळी काका-काकू दोघेही मावशींच्या घरी गेले. अडकित्ता काकूंनी पिशवीत बरोबर नेला होता. तो दाखवावा की न दाखवावा हे त्यांना वाटेत ठरविता आले नाही, आणि शेवटी तो पिशवीतच राहिला. मावशींनी सर्व ऐकून घेतले. “मिळाला ना? बरं झालं वहिनी,” असे म्हणून त्यांनी चुलीवर चहाचे आधण ठेवले. काकांनी “आमचं चुकलं” हे शब्द उच्चारले. चाळीस वर्षांच्या संसारात ते त्यांच्या तोंडून काकूंनी क्वचितच ऐकले होते. मावशी हसल्या. पुन्हा कामावर येण्याविषयी विचारले तेव्हा मात्र त्या गुडघ्यावर हात फिरवीत म्हणाल्या, “माझ्याच्यानं आता होत नाही. सुनेला पाठवते.” गुडघा खरोखर दुखत होता की काय, हे विचारण्याचा अधिकार काका-काकूंना उरला नव्हता.

सून येऊ लागली त्याला आता दोन पावसाळे झाले. खोली रिकामी झाली की सून आत जाण्यापूर्वी काकू स्वतः दाराशी येतात; छायाचित्र समोर धरून सून मोठ्याने मोजते, काकू वहीत लिहितात, आणि आकड्याखाली दोघी आपापले आद्याक्षर घालतात. सुनेचे अक्षर काकूंच्या अक्षरापेक्षा वळणदार आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत ठाण्याचे पाहुणे गेल्यावर मोजणी झाली, तेव्हा सहा खाचांच्या फळीवर सहा चमचे होते आणि मोरीत एक सातवा सापडला. त्याच्या दांडीवर घराचे अक्षर नव्हते, दुसऱ्याच कोणाचे होते. तो चमचा सध्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आहे.